चिकटवलेलं फोर बाय फोर

माझ्या गाडीच्या मागच्या दारावर, नंबरप्लेटच्या डाव्या बाजूला, बोटभर लांबीचा एक डाग आहे. गोंदाचा. साबणाने जात नाही, पेट्रोलने पुसला तर आजूबाजूचा रंगच फिका पडला. लोणावळ्यात ज्या रिसॉर्टमध्ये मी फ्रंट ऑफिस सांभाळतो, तिथल्या पार्किंगमध्ये मी गाडी नेहमी भिंतीला पाठ लावून उभी करतो. वॉचमनला वाटतं, साहेबांना शिस्त आहे. शिस्त कसली, मला तो डाग कुणी बघू नये एवढंच असतं.

तिथे काय होतं आणि ते मी का उपटून काढलं, हे लिहायला बसायचं मी वर्षभर टाळत आलो आहे.

मी वाडीचा. टाकवे बुद्रुकच्या पुढे आंदर मावळात शिरलं की एका ओढ्यापाशी डांबर संपतं. तिथून वर तीन किलोमीटर तांबड्या मातीची वाट, आणि वाटेच्या शेवटी आमचे चौदा उंबरे. माझे आईवडील मी लहान असतानाच गेले. मला वाढवलं आत्यानं. ती नवरा गेल्यावर माहेरी परत आली होती, ती तिथलीच झाली. भात, नाचणी, चार शेळ्या, आणि मी. मला टाकव्याच्या शाळेत, पुढे वडगावच्या कॉलेजात तिनेच ढकललं. मी लोणावळ्याला नोकरीला लागलो, लग्न झालं, फ्लॅट घेतला. आत्या मात्र वाडी सोडायला तयार नव्हती. "तुज्या त्या डबीत मला झोप येत न्हाई," म्हणायची.

आमच्याकडे आजारी माणूस खाली आणायची एक रीत आहे. मेसाचा एक जाड सरळ बांबू, त्याला घोंगडी बांधायची, माणूस झोळीत, आणि पुढे-मागे खांदे. घरटी एक खांदा. कुणाचं कुणाशी पटत नसलं, बांधावरून कोर्टात वडगावला खेटे चालू असले, तरी डोली उठली की घरटी एक माणूस हजर. पावसात दुसरी सोय नाहीच. आमच्या घरचा खांदा म्हणजे मी. लोणावळ्याला आल्यापासून मला फोन यायचा आणि मी निघायचो. निदान पहिली काही वर्षं निघायचो. मग शनिवार-रविवारची गर्दी, लाँग वीकेंड, मालकांचे पाहुणे. तीन वेळा मी गेलो नाही. तिन्ही वेळा वाडीतल्या कुणीतरी आमचा खांदा भरून काढला आणि मला एका शब्दानं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून गाडी घ्यायची ठरवली तेव्हा मी बायकोला सांगितलं ते खोटं नव्हतं. म्हटलं, वाडीपर्यंत चढणारी गाडी घेऊ. आत्याचं वय झालंय. माझा खांदा वेळेवर पोचत नाही, गाडी तरी पोचेल. हे ऐकून बायकोनं माझ्या हातावर हात ठेवला होता. माणूस स्वतःवरच किती खूष होऊ शकतो, याची मला आता चीड येते.

दुसरं कारण मी सांगितलं नाही. रिसॉर्टच्या दारात दर शुक्रवारी संध्याकाळी पुण्या-मुंबईची पोरं उंच गाड्या घेऊन उतरायची. चाकांना चिखल, छतावर जाळी, मागे स्टेपनी. किल्ली माझ्याकडे न बघता काउंटरवर टाकायची. मी "वेलकम सर" म्हणायचो. पंधरा वर्षं म्हणालो. त्या किल्ल्या हातात घेऊन मी बरेचदा गाडी पार्किंगला लावायच्या निमित्ताने दोन मिनिटं नुसताच आत बसून राहायचो.

मला हवी होती तीच गाडी, ऑफरोड म्हणवणारी. तिचे सहा प्रकार होते. शोरूममधून मिळालेल्या माहितीपत्रकात शेवटच्या दोन पानांवर तक्ता होता. आडवे प्रकार, उभ्या सोयी, आणि चौकटीत बरोबरची खूण नाहीतर आडवी रेघ. तो तक्ता मी काउंटरच्या काचेखाली ठेवला आणि पाहुण्यांच्या मधल्या वेळात अभ्यास करायचो. बारावीला एवढा केला असता तर आज काउंटरच्या पलीकडे असतो.

घोळ तक्त्यातच होता. त्या गाडीचं बाहेरचं अंग सगळ्या प्रकारांत तेच. तीच उंची, तेच चौकोनी नाक. पण आत दोन जाती. एका जातीत इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते, ती फोर बाय फोर. गिअरच्या दांड्याशेजारी तिला आणखी एक बुटका दांडा असतो, तो ओढला की गाडी चिखलात, चढावर, हळू पण जोरानं रेटत जाते. दुसऱ्या जातीत ताकद फक्त मागच्या चाकांना. पुढची चाकं नुसती गडगडत जातात. आणि कंपनीवाल्यांनी असं केलं होतं की माझ्या ऐपतीत दोनच बसत होत्या. फोर बाय फोरचा सगळ्यात खालचा प्रकार, नाहीतर मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा सगळ्यात वरचा. किंमत जवळपास सारखी.

खालच्या फोर बाय फोरला काय होतं? बुटका दांडा. बाकी रेघा. लोखंडी रिम, काळं प्लॅस्टिकचं बंपर, कापडी सीट, स्क्रीनच्या जागी एक झाकण. वरच्याला काय नव्हतं? बुटका दांडा नव्हता. बाकी मोठी स्क्रीन, अलॉय, क्रूझ कंट्रोल, मागचा कॅमेरा, पावसाचे थेंब पडले की आपोआप फिरणारे वायपर, आणि पेल्याच्या खाचेत निळा उजेड. शिवाय स्क्रीनवर एक खास पान, गाडी किती अंशानं कलली आहे, चढ केवढा आहे, ते दाखवणारं. ते पान बघून मी शोरूममध्ये लहान पोरासारखा हसलो होतो.

मी शास्त्रशुद्ध निवड करायचं ठरवलं. पेन घेतलं आणि प्रत्येक सोयीला एक मार्क दिला. दोन्हींत असलेल्या सोयी धरून वरच्या प्रकाराला तेवीस मार्क पडले, खालच्या फोर बाय फोरला चौदा. चारही चाकांना ताकद, एक मार्क. पेल्याच्या खाचेत निळा उजेड, एक मार्क. हा हिशेब मी स्वतःच्या हातानं, पूर्ण शुद्धीत, दोनदा तपासून केला.

बुकिंगच्या दिवशी बायको बरोबर होती. तिनं एकच प्रश्न विचारला. "वाडीच्या चढाला यातली कुठली चालेल?" मी विक्रेत्याच्या आधी घाईनं म्हणालो, "सगळ्याच चालतात गं, बाहेरून बघ ना, सारख्याच आहेत." विक्रेता तरुण होता, चतुर होता. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, खरं सांगू का, फोर बाय फोर घेतलेले बहुतेक लोक तो दांडा कधी हलवतसुद्धा नाहीत. शिवाय तिला वेटिंग आहे. तुम्हाला वर्षातनं किती वेळा लागेल ती?"

पावसाचे चार महिने, त्यात आत्या, त्यात चौदा घरं. मी म्हणालो, "एकदोनदा."

"मग सर, एकदोनदासाठी कशाला?"

मी सही केली. एकदोनदा. त्या शब्दात माझी आत्या बसत होती आणि मी तिला त्यात बसवली.

गाडी आली. फ्लॅटखाली पेढे वाटले. पहिल्या दिवशी रिसॉर्टवर नेली तेव्हा वॉचमननं पाहुणा समजून कडक सलाम ठोकला, मग काच खाली झाल्यावर मला बघून ओशाळला. मला मात्र तो सलाम आठवडाभर पुरला. पण आठ-दहा दिवसांत एक गोष्ट टोचायला लागली. ज्यांच्या गाड्या खरोखर फोर बाय फोर होत्या त्यांच्या मागच्या दारावर तशी चकचकीत अक्षरं होती. माझं दार मोकळं होतं. रिसॉर्टवर आलेली एक पाहुणी मुलगी तिच्या मित्राला सहज म्हणाली, "ही नुसती दिसायला आहे रे." ती माझ्या गाडीबद्दल बोलत होती, आणि मी तिच्या रूमची किल्ली हातात घेऊन उभा होतो.

त्याच आठवड्यात मी कामशेतला गेलो. गाड्यांचं सामान विकणाऱ्या एका दुकानात ती अक्षरं काचेच्या पेटीत सीटकव्हरांशेजारी मिळतात. दुकानदारानं मागच्या दारावर कापड फिरवलं, पाठीचा कागद सोलला आणि अंगठ्यानं दाबून बसवलं. काही विचारलं नाही. घरी बायकोनं विचारलं, "हे काय नवीन?"

"डिझाइन आहे," मी म्हणालो.

चैत्रात देवीच्या जत्रेला गाडी वाडीवर नेली. वाट सुकलेली, दगड-माती घट्ट, मागच्या चाकांवरसुद्धा ती आरामात चढली. पोराटोरांसकट सगळी वाडी खळ्यात. आत्यानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, बॉनेटला हळद-कुंकू लावलं, मग आत बसून दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिली. एसी लावला तर म्हणाली, "आगं बाई, गार हाय की आत." मग पदरानं दाराची मूठ पुसली.

आमच्या वाडीतले सगळ्यात वडीलधारे आबा काठी टेकत मागे गेले. त्यांना अक्षर वाचता येत नाही, पण आकडे येतात. चार आणि चार त्यांनी वाचले. म्हणाले, "म्हंजी ही चारी चाकावर चालती ती?"

तो क्षण माझा होता. कुणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. आबा, हे नुसतं चिकटवलंय, एवढं म्हणायचं होतं. सगळे हसले असते, मीही हसलो असतो.

"व्हय आबा," मी म्हणालो.

"पावसात चढंल?"

"चढंल की. आता डोलीचं काम न्हाई ऱ्हायलं. कुणाला बरं नसलं की मला फोन करायचा. माझ्या घरचा खांदा आता ही." असं म्हणून मी बॉनेटवर थाप मारली. बायका कौतुकानं हसल्या. आत्यानं सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली, पोराचा निकाल लागल्यावर बघतात तशी.

जत्रेच्या मांडवाला मधला टेकू कमी पडत होता. देवळाच्या आढ्याला डोलीचा मेस ठेवलेला असायचा, धुरानं काळा पडलेला, माझ्या वडिलांच्याही आधीचा. आबाच म्हणाले, "काढा त्यो. गाडी हाय आता." दोघांनी तो खाली घेतला आणि करवतीनं बरोबर मधोमध कापला. मी तिथेच उभा होतो, हातात सरबताचा पेला. करवतीचा आवाज मला अजून नीट आठवतो. मी पेला संपवला.

श्रावणात, लावण्या उरकल्यावर, आत्या बांधावरच्या शेवाळावरून घसरून पडली. सकाळी सातला फोन आला. खुब्यापाशी पाय वळला होता, हलता येत नव्हतं. मी काउंटर सोडून तसाच निघालो, रिसॉर्टच्या काळ्या बुटांवर. जुन्या हायवेनं कामशेत, कान्हे फाटा, टाकवे. वायपर आपोआप फिरत होते. वाटेत मी रुग्णवाहिकेला फोन करून डांबर संपतं तिथे यायला सांगितलं आणि वाडीवर कळवलं, आलोच, तिला तयार ठेवा. तिकडे त्यांनी आत्याला उचलून ओटीवर आणून ठेवलं होतं, उतरणीला तोंड करून, म्हणजे गाडी दिसली की लगेच नेता येईल. ती त्या ओटीवर अडीच तास पडून होती.

ओढा ओलांडला. पहिलं वळण निघालं. दुसऱ्या चढाला गाडीची मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली. मी रेस दिली, तसा चिखल मागे उडाला आणि गाडी आडवी सरकली. पुढची दोन्ही चाकं चरात गेली आणि तिथेच बसली. पुढच्या चाकांनी काहीच केलं नाही, ती करणारच नव्हती. मी उगाच गिअरच्या दांड्याशेजारी हात नेला. तिथे निळा उजेड होता. समोर स्क्रीनवर गाडीचं चित्र तिरकं झालं होतं आणि शेजारी आकडा दिसत होता, अकरा अंश. मी त्या आकड्याकडे बघून मोठ्यांदा शिवी दिली.

मग वर चालत गेलो. पाऊण तास लागला. मला पायी येताना बघून खळ्यातली माणसं उभी राहिली. मी म्हणालो, "चिखल लय हाय." एवढंच म्हणालो.

डोली काढायची तर मेस नव्हता. दोघे कोयते घेऊन बेटाकडे पळाले. ओला बांबू तोडून, पेरं साफ करून आणेपर्यंत तास गेला. ओला मेस लवतो. जुना, धुरात पिकलेला लवत नसे. प्रत्येक पावलाला झोळी वर-खाली होत होती आणि घोंगडीच्या आतून आत्याचा आवाज येत होता, दातांत पदर धरून काढलेला. घरटी एक माणूस आलाच होता. मी पुढे होऊन खांदा लावायला गेलो, तर मागचा म्हणाला, "तुजे बूट घसरत्यात. तू छत्री धर." मी छत्री धरली. आत्याच्या तोंडावर पाऊस येऊ नये म्हणून मी डोलीशेजारून तिरका-तिरका चालत राहिलो.

माझ्या गाडीपाशी आलो तर वाट बंद. ती आडवी झाल्यानं डाव्या बाजूला दरड आणि उजव्या बाजूला हातभर जागा. डोली नेता येईना. शेवटी ती माणसं खालच्या खाचरात उतरली, कुणाच्या तरी नुकत्या लावलेल्या भातातून, गुडघाभर पाण्यातून, रोपं तुडवत. गाडीचं दार मी घाईत उघडंच टाकलं होतं आणि किल्ली चालूच ठेवली होती. आत स्क्रीन चालू होती. अकरा अंश.

आत्यानं घोंगडीची कड बाजूला केली आणि त्या उजेडाकडे बघितलं. तिचा चेहरा राखेसारखा पांढरा झाला होता. मला म्हणाली, "आरं, गाडीला काय लागलं न्हाई ना तुज्या?"

मी न्हाई म्हणालो. मला त्या खाचरात गाडून घ्यावंसं वाटलं, हे नुसतं बोलण्यासाठी म्हणत नाही.

तळेगावच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, पायात सळई घातली. दुसऱ्या दिवशी टाकव्यातले एक भाऊ ट्रॅक्टर घेऊन गाडी काढायला आले. या भाऊंकडे ट्रॅक्टरशिवाय एक जुनी कापडी छताची जीपही आहे, आणि गाड्यांतलं त्यांना हातापायासारखं कळतं. साखळी बांधायला ते पुढून गाडीखाली सरकले. जरा जास्तच वेळ खाली, पुढच्या चाकांमधल्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. बाहेर आले, हात फडक्याला पुसले, मागे गेले, चकचकीत अक्षरांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली.

"चिखल लय हाय, साहेब," ते म्हणाले.

माझेच शब्द त्यांनी मला परत दिले. टोमणा नव्हता त्यात. मला झाकून घेतलं त्यांनी, आणि मी झाकून घेऊ दिलं.

आत्याला लोणावळ्याला आणलं. वॉकर धरून ती गॅलरीपर्यंत जायची. वाडीवरून, टाकव्याहून माणसं बघायला यायची, इमारतीतल्या बायकाही यायच्या. प्रत्येकाला ती पडल्याची गोष्ट सांगायची आणि प्रत्येक वेळी एका वाक्यापाशी आवाज चढायचा. "माजा पोरगा एवढी फोर व्हील गाडी घिऊन धावत आला की! रस्ताच मेला बेकार, त्यो काय करणार?" मी आतल्या खोलीत असलो तर तिथेच थांबायचो. एकदा बाथरूममध्ये शिरून नळ सोडून बसलो.

मार्गशीर्षात वाडीच्या देवळात बैठक होती, मलाही निरोप होता. टाकव्याचे भाऊ आले होते. त्यांच्या जीपचा पुढच्या चाकांचा गिअर कैक वर्षं मोडलेला होता, तो त्यांनी दिवाळीत दुरुस्त करून घेतला होता. त्यांचं म्हणणं होतं, पावसाळ्यात जीप वाडीवरच ठेवतो, कुणाला न्यायचं झालं तर मी येतो, वाडीनं फक्त डिझेलचं बघावं. साधी गोष्ट होती. पण आबा हसले.

"आरं, त्याची नवीकोरी फोर व्हील दुसऱ्या चढाला बसली. तुजं म्हातारं डबडं काय चढतंय? उगा तिच्या भरवशावर ऱ्हायचं आन मानूस मरायचं. डोलीच बरी." मग माझ्याकडे वळले. "काय रं, सांग की तू. तुला ठाव हाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. फक्त भाऊ बघत नव्हते. त्यांनी मान खाली घालून चटईची काडी ओढायला घेतली होती. ते एका वाक्यात मला उघडा पाडू शकले असते. त्यांचं खरं होतं, त्यांची जीप होती, आणि तरी ते गप्प बसून माझी वाट बघत होते. तिथे मला पहिल्यांदा नीट कळलं की माझी थाप माझ्यापुरती राहिलीच नव्हती. पुढच्या पावसात कुणाचं तरी बाळंतपण अडलं असतं, कुणाला साप चावला असता, आणि माझ्या खोट्या गाडीच्या पुराव्यावर खरी गाडी खाली टाकव्यात उभी राहिली असती.

"आबा," मी म्हणालो, "माझी फोर व्हील न्हाई."

"म्हंजी?"

"माझी मागच्या दोनच चाकांवर चालते. भाऊंची चारीवर चालते. भाऊंची चढंल."

"आन मागं लिवलंय त्ये?"

"ते मी कामशेतात चिकटवून घेतलं."

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. आबांनी काठीची मूठ चोळली. "पावसात चढंल का म्हनून मी इचारलं तवा?"

"तेव्हा मला माहीत होतं."

"आमी मेस कापला."

"व्हय."

मी खोटं बोललो म्हणून मला कुणी शिवी दिली असती, अंगावर आलं असतं, तर मला सोसवलं असतं. बैठक पुढे सरकली. डिझेलचं ठरलं, जीपला आडोसा कुठे करायचा ते ठरलं, आणि गाडी असली तरी नवा मेस तोडून धुरावर ठेवायचा, हेही ठरलं. मग खांदे मोजायला घेतले. आबा एकेका घराचं नाव घेत होते आणि जो तो हात वर करत होता. आमच्या घरापाशी ते थांबले. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "ह्यांच्या घरचा खांदा धरायचा का न्हाई?"

पिढ्यान्पिढ्या आमच्या घराबद्दल हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आत्यानं एकटीनं घर चालवलं त्या काळात, मी लहान असताना, ती स्वतः पदर खोचून डोलीच्या मागे भाकरीची दुरडी डोक्यावर घेऊन चालायची, म्हणजे घराचा वाटा चुकू नये.

"धरा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो, "धरा आबा. मी येईन."

"बरं," ते म्हणाले, आणि पुढच्या घराचं नाव घेतलं.

खाली ओढ्यापाशी येऊन मी गाडी थांबवली आणि किल्लीच्या टोकानं ती अक्षरं उचकटली. पहिलं आलं, दुसरं तुटलं, तिसऱ्याबरोबर रंगाचा टवका गेला. तुकडे खिशात घालून घरी आलो.

आत्याला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत सांगायला हवं होतं. ती जमिनीवर बसू शकत नव्हती म्हणून खुर्चीवर बसून तांदूळ निवडत होती. वाडीवरचेच तांदूळ. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. तक्ता, तेवीस आणि चौदा, एकदोनदा, कामशेतचं दुकान, सगळं. खिशातले तुकडे काढून सुपाशेजारी ठेवले. तिनं त्यातला एक उचलला, उलटा केला, त्याच्या मागचा गोंद बोटानं चाचपला आणि परत ठेवला.

"मी त्या ओटीवर पडलेली," ती म्हणाली, "तवा ह्यांना म्हनत व्हते, बांबू बघू नका, माजा पोरगा येतोय."

आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. तिथून उठायचं की बसायचं ते मला कळेना. बसून राहिलो.

दोनचार दिवसांनी वरच्या मजल्यावरच्या बाई तिला बघायला आल्या. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "तेव्हा गाडी अडकली होती ना हो, मावशी, वाटेत?" मी स्वयंपाकघरात चहा टाकत होतो. हातातला चमचा मी तसाच धरून ठेवला, कारण ते वाक्य आता यायचं होतं, पोरगा धावत आला आणि रस्ताच बेकार. ते मी इतक्या वेळा ऐकलं होतं की त्याचा राग यायचा, आणि आता ते यावं म्हणून माझा जीव कानात आला होता.

"व्हय," आत्या म्हणाली, "अडकली व्हती."

मग तिनं बाईंना विचारलं, तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं.